पुण्यातलं एक रॅली सिम्युलेटर: तीन शनिवार, सहा हजार तीनशे रुपये आणि प्लास्टिकचं स्टूल

माझं नाशिकला व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. त्याआधी अकरा वर्षं मी नॅव्हिगेटर होतो, म्हणजे रॅलीत ड्रायव्हरशेजारी बसून पुढच्या वळणांच्या नोंदींची वही वाचणारा. कप फार मिळाले नाहीत, मानेचा पट्टा मात्र मिळाला. नाशिकला राष्ट्रीय रॅलीची फेरी व्हायची त्या दिवसांत तोंडात धूळ घेऊन ‘लेफ्ट थ्री, डोन्ट कट’ (डावं वळण, तीन नंबरचं, आतून कापू नको; आकडा लहान तसं वळण तीव्र) ओरडण्यात माझी तिशी सरली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या कुरबुरी आहेत त्या रविवारी पोरांना घेऊन गेम खेळायला जाणाऱ्या माणसाच्या नाहीत.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. वय वीस. पोलो चालवतो, टू व्हील ड्राइव्ह गटात, आणि दोन रॅल्या पूर्ण केल्यात. पूर्ण केल्यात हे महत्त्वाचं, तिसरीत नाल्यात गेला होता. त्याने दिवाळीत लकडा लावला, ‘‘मामा, एकदा रॅली वन चालवून बघायचीय.’’ म्हटलं, बाबा रे, ती जागतिक रॅलीतली सगळ्यांत वरच्या गटाची गाडी, जगात मोजक्या लोकांच्या हाती लागते, तुझ्या मामाचं दुकान विकलं तरी तिचा गिअरबॉक्स यायचा नाही. तर त्याने हे रॅली सिम्युलेटरचं, म्हणजे पडद्यासमोर बसून गाडी चालवायच्या यंत्रांचं, ठिकाण शोधून काढलं. नाव लिहीत नाही, कारण बरंवाईट दोन्ही लिहिणार आहे आणि चालवणारी पोरं मेहनती आहेत. कर्वेनगरच्या एका गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान, वर जिना अरुंद. हेल्मेट घेऊन जाणारे पण आहेत म्हणे. नेऊ नका, हसतात.

आत तीन यंत्रं. पहिलं पोरांसाठी, त्याकडे बघू नका. दुसरं बरं आहे: डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग, बकेट सीट, तीन पडदे. तिसरं हलतं. म्हणजे सीटखाली मोटारी आहेत, खड्ड्यात गाडी गेली की तुम्हीही उडता. तासाला दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे नऊशेच, आणि सगळे तिसऱ्याकडे धावतात. आम्हीही धावलो. गेम ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी (म्हणजे जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा), २०२३ च्या नोव्हेंबरात आलेला. त्यात ज्युनिअर गटाच्या रॅली थ्रीपासून रॅली वनपर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत, आकडा लहान तशी गाडी ताकदवान, शिवाय जुन्या गाड्या. लान्सिया बघून माझे डोळे भरून आले, पण तो विषय वेगळा.

पहिल्या शनिवारी मी गप्प बसायचं ठरवलं होतं. भाच्याने सरळ टोयोटाची जीआर यारिस रॅली वन घेतली, देश फिनलंड, स्टेज, म्हणजे घड्याळ लावून पळायचा रस्त्याचा तुकडा, साधारण अकरा किलोमीटरची. पहिल्याच उंचवट्यावरून गाडी उडाली, उतरली ती बर्चच्या झाडात. दुसऱ्यांदा तिथून वाचला, पुढच्या डावीकडच्या वळणावर गेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. चाळीस मिनिटांत स्टेजचा शेवट एकदाही दिसला नाही. सहाशे रुपये झाडांना.

घाम पुसत म्हणाला, ‘‘मामा, मशिनचं कॅलिब्रेशन बिघडलंय.’’

कॅलिब्रेशन खरंच थोडं बिघडलेलं होतं, त्याबद्दल पुढे. पण झाडाचं कारण ते नव्हतं. पोलोत समोरची चाकं ओढतात. वळणात वेग जास्त झाला की ॲक्सिलेटर सोडायचा, नाक आपोआप आत येतं, आणि पाच-सात वर्षांत ते पायाच्या रक्तात जातं. रॅली वनमध्ये १.६ लिटरचं टर्बो इंजिन चारही चाकं ढकलतं. या गेममधल्या गाड्यांवर १०० किलोवॅटची हायब्रिड, म्हणजे विजेची, मोटरही आहे, दोन्ही मिळून ५०० हॉर्सपॉवरच्या वर. तिथे वळणाच्या मध्यावर पाय काढलात तर गाडी तुमचं ऐकायचं बंद करते. तिला वळणाच्या आधीच आडवी करायची असते, डाव्या पायाने ब्रेक चाचपत, आणि मग उजवा पाय दाबून बाहेर पडायचं. भाच्याचा उजवा पाय प्रत्येक वेळी घाबरून वर यायचा. म्हणजे जी सवय त्याला पोलोत वाचवते तीच इथे झाडात घालत होती.

तेव्हा मी मौन सोडलं. म्हटलं, खाली उतर. रॅली थ्री घे.

तोंड वाकडं केलं त्याने. मी त्याला सामी पायारीची गोष्ट सांगितली, जी त्यालाही माहीत होती पण तिचा अर्थ माहीत नव्हता. पायारी फिनलंडचा, २००१ चा जन्म. २०२१ मध्ये ज्युनिअर जगज्जेता झाला तेव्हा ज्युनिअरची गाडी होती फोर्ड फिएस्टा रॅली फोर, पुढच्या चाकांची. म्हणजे आमच्या पोलोचीच श्रीमंत चुलत बहीण. त्यानंतर वर्षामागून वर्षं रॅली टू. २०२४ च्या ऑगस्टमध्ये टोयोटाने फिनलंडला पहिल्यांदा रॅली वनमध्ये बसवलं तर पठ्ठ्या चौथा आला. त्याच वर्षी डब्ल्यूआरसी टूचा, म्हणजे रॅली टू गाड्यांच्या गटाचा, किताब घेतला आणि २०२५ ला पूर्ण हंगाम रॅली वन मिळाली. आणि तरी पहिला पोडियम कधी? नोव्हेंबरमध्ये, जपानला, तिसरा नंबर. जानेवारीपासून नोव्हेंबर. घरच्या वाटांवर पहिल्याच झटक्यात चौथा आलेल्या पोराला इतर रस्त्यांवर तीच गाडी अंगवळणी पडायला अख्खं वर्ष लागलं. तू चाळीस मिनिटांत काय करणार होतास?

रॅली थ्रीत तो सहा मिनिटं दोन सेकंदांत आला. रॅली टूत, तासाभराच्या झटापटीनंतर, पाच एकेचाळीस. रॅली टू म्हणजे २९० हॉर्सपॉवरच्या आसपास, तीही चारही चाकांना, आणि शिकायला उत्तम गाडी. गेममध्येही तिचा स्वभाव चांगला उतरलाय, चुकलं तर सांगून चुकते. मग शेवटच्या वीस मिनिटांत पुन्हा रॅली वन, आणि या वेळी न आपटता शेवट गाठला. वेळ? पाच एकोणपन्नास. दोनशेच्या वर हॉर्सपॉवर जास्त असून आठ सेकंद हळू. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सगळ्यांचं असंच होतं दादा. मला ते वाक्य फार आवडलं. सगळ्यांचं असंच होतं हे खरंच आहे. काले रोवानपेरा, २०२१ मध्ये एस्टोनियाला विसाव्या वर्षी जिंकून सर्वांत तरुण विजेता ठरलेला, २०२२ च्या जानेवारीत माँटे कार्लोला नव्याकोऱ्या रॅली वनमध्ये बसला आणि पहिले दिवस चाचपडत राहिला. शेवटी गाडीची मांडणी बदलली, सूर सापडला, चौथा आला. पुढच्या महिन्यात स्वीडन जिंकलं आणि २ ऑक्टोबरला न्यूझीलंडमध्ये जगज्जेता. वय बावीस वर्षं आणि एक दिवस. चाचपडणं हा त्या गाडीचा प्रवेश फॉर्मच दिसतो.

दुसऱ्या शनिवारी मी वही घेऊन गेलो.

आता माझी मुख्य तक्रार. एवढं मोठं यंत्र, एवढ्या मोटारी, तीन पडदे, कोपऱ्यात एलईडीची माळ, आणि नॅव्हिगेटरला बसायला जागा नाही! रॅली नावाच्या खेळात दोन माणसं असतात हे बनवणाऱ्याच्या ध्यानातच नाही. गेममध्ये नोट्स वाचणारा आवाज आहे, स्पष्ट आहे, चुकत नाही. पण त्या नोट्स कुणी तरी सगळ्यांसाठी लिहिलेल्या. रॅलीत नोट्स ड्रायव्हरच्या स्वतःच्या असतात. रेकीत, म्हणजे स्पर्धेआधी रस्ता बघायच्या फेरीत, तो हळू चालवत सांगतो, नॅव्हिगेटर लिहितो, दुसऱ्या फेरीत दुरुस्त करतो. एकाचं ‘फोर’ ते दुसऱ्याचं ‘फाइव्ह’. दुसऱ्याच्या नोट्सवर पळणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून सुई ओवणं.

मी काउंटरच्या पोराला स्टूल मागितलं. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून लाल प्लास्टिकचं आणलं त्याने. गेमच्या सेटिंगमध्ये नॅव्हिगेटरचा आवाज शून्यावर नेता येतो, तो नेला. मग भाच्याला सांगितलं, साठच्या वेगाने चालव आणि बोल. त्याने दोन फेऱ्या साठने मारल्या, मी पेन्सिलने लिहिलं. काउंटरचा पोरगा दोनदा येऊन बघून गेला. तासाला नऊशे देऊन ही माणसं गाडी हळू का चालवतायत, हे कोडं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

पहिल्या वाचनात सगळा बट्ट्याबोळ. वही चुकली नव्हती, वही पोलोची होती. भाच्याने सवयीने पोलोच्या डोळ्यांनी रस्ता सांगितला होता. जिथे त्याने ‘स्ट्रेट टू हंड्रेड’ म्हटलं, त्या दोनशे मीटरमध्ये रस्ता किंचित उजवीकडे कलतो. नव्वदच्या वेगाला तो कल म्हणजे सरळच. दीडशेला ते वळण आहे, आणि त्याच्या आधी एक फुगवटा आहे जो नव्वदला फुगवटा असतो आणि दीडशेला उडी. गाडी बदलली की रस्ता बदलतो. हे मी वीस वर्षांपूर्वी जिप्सीतून बाहेर पडताना शिकलो होतो आणि पार विसरलो होतो.

मग हिशेब मांडला. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ताशी १३० म्हणजे ३६. फिनलंडची खरी रॅली सरासरी १३० च्या आसपास धावली जाते, सरासरी बरं का, वळणांसकट. ‘लेफ्ट फोर ओव्हर क्रेस्ट, टाइटन्स, डोन्ट कट’ (उंचवट्यावरून डावं चार, पुढे आवळत जातं, आतून कापू नको) म्हणायला मला दोन सेकंद लागतात. पोलोत तेवढ्यात ५० मीटर जातात, इथे ७२. म्हणजे लिहायचं जास्त, कारण रस्त्यात गोष्टी जास्त निघाल्या, आणि बोलायला वेळ कमी. या कात्रीत नॅव्हिगेटर सापडतो. टीव्हीवर ड्रायव्हरचे हात दाखवतात. रोवानपेराशेजारी योने हाल्तुनेन काय गतीने वाचायचा ते कान देऊन ऐका एकदा, भाषा नाही कळली तरी चालेल.

आम्ही पुन्हा लिहिलं. तीस मीटरच्या आतली अंतरं काढून टाकली. ‘टाइटन्स’ ऐवजी वळणाचा आकडाच एकाने खाली आणला. जिथे पाय अजिबात काढायचा नाही तिथे मी मराठीतच ‘दाब’ लिहिलं. बोलायला वेळ कमी लागतो, आणि मामाने ‘दाब’ म्हटल्यावर पाय उचलायची भाच्याची छाती नाही. सगळ्यांत मोठा बदल वाचण्याच्या क्षणाचा. पोलोत मी वळणात शिरताना पुढचं वळण वाचायचो. इथे एक वळण अजून आधी वाचावं लागलं, म्हणजे भाच्याला कायम दोन वळणं डोक्यात धरून तिसरं चालवायचं. पहिला अर्धा तास तो ओरडत होता, ‘‘मामा थांब ना!’’ पुढच्या अर्ध्या तासात ओरडायचा थांबला. पाच चौतीस.

मधे कॉफी घेतली. मशिनची आहे, घेऊ नका, गल्लीच्या तोंडाशी अमृततुल्य आहे तिकडे जा. तिथे भाच्याने ऑलिव्हर सोलबर्गचा विषय काढला, तो त्याचा देव. माजी जगज्जेत्या पेटर सोलबर्गचा मुलगा, पायारीच्याच वयाचा. २०२२ मध्ये वीस वर्षांचा असताना ह्युंदाईने रॅली वन दिली, तीही डानी सोर्दोबरोबर वाटून, कधी तो तर कधी हा. फिनलंडला शुक्रवारी सकाळीच आपटला. बेल्जियमला चौथा आला, पण वर्षाअखेर सीट गेली. मग रॅली टूमध्ये परत. २०२५ च्या जुलैत टोयोटाने एका रॅलीपुरतं एस्टोनियाला बसवलं, आणि हा जिंकला, एस्टोनियाच्याच माजी जगज्जेत्या ओट टानाकला त्याच्या घरी २५.२ सेकंदांनी मागे टाकून. त्याच हंगामात डब्ल्यूआरसी टूचा किताब आणि २०२६ साठी टोयोटाची पूर्णवेळ सीट.

भाच्याचं म्हणणं, २०२५ ला हायब्रिड काढून टाकलं होतं, वजन १२६० वरून ११८० किलोवर आलं, गाडी सोपी झाली म्हणून जमलं. असेल. पण मला ते पुरेसं वाटत नाही. गाडी सगळ्यांसाठीच हलकी झाली होती. माझं मत, त्या मधल्या अडीच वर्षांत रॅली टूने त्याला स्वच्छ चालवायला शिकवलं. कमी ताकदीच्या गाडीत एक आडवी सरक झाली तर गेलेला वेग परत मिळवायला पुढचं पाव किलोमीटर लागतं, म्हणून माणूस काटकसरी होतो. काटकसरी माणसाच्या हाती अचानक पैसा आला तर तो तो उधळत नाही. भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही दुकानदार आहात म्हणून असं वाटतं.’’ तेही खरं.

आता यंत्राबद्दल, अलाइनमेंटवाल्याच्या कानाने आणि हाताने.

स्टिअरिंग उत्तम. पुढची चाकं पकड सोडतात तो क्षण हातात कळतो, हे मी स्वतः बसून पाहिलं. मोकळ्या खडीवरून घट्ट मातीवर आल्याचाही फरक लागतो. पण तिसऱ्या यंत्रावर केंद्र डावीकडे दोन-तीन अंशांनी सरकलेलं होतं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक यावरून भांडतं. पोराला दाखवलं, त्याने सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत नीट केलं. त्याला माहीतच नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं.

गिअरचा दांडा उलटा जोडलेला. खऱ्या रॅली वनमध्ये पाच गिअर आणि दांडा, ओढला की वरचा, ढकलला की खालचा. २०२१ पर्यंतच्या गाड्यांना स्टिअरिंगमागे पॅडल असायचं, २०२२ ला ते गेलं. हेही सेटिंगमध्ये बदलून मिळालं, पण तोवर दहा मिनिटं मीटर पडत होतं. जाताच हे दोन्ही तपासायला सांगा. ब्रेक पेडल दाबावर चालणारं आहे, प्रवासावर नाही, आणि ते खऱ्यासारखं कडक आहे. चपला घालून गेलात तर पस्तावाल. पातळ तळव्याचे बूट न्या.

हँडब्रेक मधल्या यंत्राचा चिकटतो. ओढल्यावर अर्धवट राहतो, मग हेअरपिनमधून बाहेर पडताना मागची चाकं अडकलेली. तेवढं सोडलं तर मधलंच यंत्र घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. हलणाऱ्या यंत्राचं कौतुक पहिला तास. त्यात उडी मारल्यावर धक्का बसतो, पण खऱ्या गाडीत आधी पोट हलकं होतं, मग पाठीचा कणा शिव्या देतो. इथे फक्त कुणीतरी खुर्ची हलवल्यासारखं वाटतं, आणि तेही डोळ्यांनी पाहिल्यावर क्षणभराने. भाच्याच्या शरीराला त्या उशिराच्या सूचनेची सवय लागायला लागली होती. मधल्यावर आणल्यावर तो हाताकडे आणि कानाकडे लक्ष देऊ लागला. टर्बो भरलेला ठेवण्यासाठी पाय काढल्यावर एक्झॉस्टमध्ये जे फटाके फुटतात ना, त्यांच्या आवाजावरून त्याला स्वतःचा पाय कुठे उचलला गेला ते कळायला लागलं. वहीवर मी त्या जागांना टिंब देत गेलो. पहिल्या फेरीत एकोणीस टिंबं. तिसऱ्या शनिवारी सात.

उकाडा, धूळ, सार्डिनियासारख्या रॅलीत बंद काचेआड शिजणं, भीती, यातलं काही मिळत नाही. एसी तर इतका गार की माझी मान धरली. झाडाला धडकून पुन्हा सुरुवातीला जाता येतं, आणि हीच मला वाटणारी खरी काळजी. भाच्याला मी नियम घातला: आपटलास की दहा मिनिटं सीटवरून उठायचं. नव्वद मिनिटांत दोनदा उठावं लागलं. खिशाला बरं, आणि सवयीलाही. गेमला आता नव्या गाड्यांची भर पडणार नाही असं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलंय, त्यामुळे बिनहायब्रिडची रॅली वन इथे शोधू नका.

तिसऱ्या शनिवारी, तीन तासांच्या शेवटी, पाच चोवीस. त्या यंत्राच्या यादीत हा अकरावा नंबर. पहिला जो आहे तो पाच सहाचा, आणि ती कुणी बारावीतली मुलगी आहे म्हणे, दर मंगळवारी एकटी येते. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

व्यवहाराचं: शनिवार-रविवार आधी फोन करून वेळ घ्या. गाडी गल्लीत लावू नका, उचलतात. यूपीआय चालतं. सीट पुढे-मागे करण्यात जाणारी वेळ मीटरमध्ये धरू नका असं आधीच बोलून घ्या, आमच्याशी दुसऱ्या वेळेपासून ते नीट वागले.

आणि हो, तिसऱ्या वेळी आम्ही पोहोचलो तर लाल स्टूल आधीच मधल्या यंत्राशेजारी मांडून ठेवलेलं. वर उशीसुद्धा. मला बरं वाटलं. निघताना बिल पाहिलं तर शेवटी एक ओळ वाढलेली: ‘जादा व्यक्ती, १०० रुपये’. म्हणजे वरच्या सहा हजार तीनशेत हे शंभर धरलेले नाहीत. मी दिले. अकरा वर्षांच्या कारकिर्दीत नॅव्हिगेटर म्हणून माझी नोंद बिलावर पहिल्यांदाच झाली होती.